ठेक्याची यत्ता

दिवा गावातल्या एका हळदीला गेलो होतो, त्याला आता दीड वर्ष झाले. मांडवाच्या कडेला बेंजो पार्टीचे सामान लागले होते. विजेवर चालणारा बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, दोन ढोल, ताशा आणि लोखंडी स्टँडवर बांधलेले तीन ड्रम. आमच्या इमारतीतला सातवीतला एक मुलगा तिथेच घुटमळत होता. तो दोन वर्षे ड्रमसेट शिकतो आहे आणि लंडनच्या परीक्षामंडळाची तिसरी ग्रेड पास झाला आहे, हे कुणीतरी सांगितले. ड्रमवाल्याने कौतुकाने काठ्या त्याच्या हातात दिल्या. पहिली काही आवर्तने बरी गेली. मग बेंजोवाल्याने गाणे बदलले, लय किंचित चढवली, नाचणाऱ्या बायकांचा उत्साह बघून एक तुकडा पुन्हा घेतला आणि पोरगा गडबडला. ड्रमवाल्याने हसत काठ्या परत घेतल्या. "बरा वाजवतंस रं," तो म्हणाला, "पन मानसांकरं बघ ना जरा."

त्याच आठवड्यात मुलाच्या वडिलांनी मला जिन्यात गाठले. "प्रमाणपत्र लंडनचं आलंय. पण याचं पुढं होतं काय?" आणि पंधरा दिवसांनी बाजारात भेटलेल्या ड्रमवाल्याने वेगळेच विचारले : "ती परीक्षा आमच्या पोराला देता येतं का? फी किती असतं?"

एकाच्या हातात प्रमाणपत्र आहे आणि त्याला त्याचा उपयोग कळत नाही. दुसऱ्याच्या हातात ठेका आहे आणि त्याला मुलासाठी प्रमाणपत्र हवे आहे. दोघांनाही तेव्हा मी धड उत्तर देऊ शकलो नाही. ते शोधताना लक्षात आले की प्रश्न दोन मुलांपुरता नाही. संगीताला यत्ता कधी लागल्या, कुणासाठी लागल्या आणि त्या लागताना काय आत आले नि काय बाहेर राहिले, असा तो प्रश्न आहे.

चार माणसांचे काम एकाकडे

ड्रमसेट हे जेमतेम सव्वाशे वर्षांचे वाद्य आहे. त्यातले एकेक अंग मात्र फार जुने. काठीने वाजवायचा साइड ड्रम आणि पोटावर अडकवायचा मोठा बास ड्रम ही युरोपी फौजांची वाद्ये. कूच, थांबा, जेवणाची वेळ, माघार असे सगळे हुकूम ड्रमच्या ठरावीक बोलांवर चालत. हीच वाद्ये कंपनीच्या पलटणींबरोबर हिंदुस्थानात आली, छावणीच्या बँडमधून लग्नाच्या बँडमध्ये शिरली आणि आपल्या ताशाशेजारी उभी राहिली.

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवरच्या बँडमध्ये बास ड्रम, साइड ड्रम आणि झांजा वाजवायला वेगवेगळी माणसे असत. बँड रस्त्यावरून नाचघरात शिरला तशी जागा कमी पडू लागली, मालकालाही माणसे कमी हवी होती. मग ही सगळी वाद्ये एका माणसासमोर मांडली गेली. मोठा ड्रम पायाने वाजवायची साधने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागली होती. विल्यम लुडविगने १९०९मध्ये चपळ, टिकाऊ पेडल बनवले आणि वादकाचे दोन्ही हात मोकळे झाले. १९२०च्या दशकाच्या अखेरीस डाव्या पायाला हाय-हॅट नावाची झांजांची जोडी मिळाली. चारही हातपायांना चार कामे लागली आणि आज आपण ओळखतो तो ड्रमसेट तयार झाला. १९३०च्या दशकात जीन क्रुपासारख्या वादकांनी त्याला मागच्या रांगेतून पुढे आणले.

याच काळात ड्रमची पहिली पद्धतशीर परीक्षा दिसते. १९३३मध्ये शिकागोत काही ड्रमवादकांनी एक राष्ट्रीय संघटना काढली. फौजी परंपरेतून आलेल्या मूळ आघातरचनांपैकी १३ त्यांनी अत्यावश्यक ठरवल्या. त्या वाजवून दाखवल्याखेरीज सदस्यत्व मिळत नसे. या रचनांना रुडिमेंट्स म्हणतात. पुढे त्यांची संख्या २६ झाली आणि १९८४मध्ये तालवादकांच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने ४० रुडिमेंट्सची यादी निश्चित केली. आज जगभरचे शिक्षक तीच वापरतात.

तबला ऐकणाऱ्याला रुडिमेंट समजायला वेळ लागत नाही. पॅराडिडल घ्या. उजवा, डावा, उजवा, उजवा. मग डावा, उजवा, डावा, डावा. चार आघातांच्या शेवटी हात आपोआप बदलतो, त्यामुळे पुढची चौकडी दुसऱ्या हाताने सुरू होते. तबल्यातला पलटा जे काम करतो त्याच जातीचे हे काम आहे. एक छोटा बोल घ्यायचा, त्याची उलटापालट करायची आणि हातात बसेपर्यंत घोटायचा. फरक आहे तो तोंडाचा. आपल्याकडे बोल आधी तोंडात बसतो, मग हातात उतरतो. ड्रमच्या शाळेत तो आधी कागदावर असतो.

१८७२ सालच्या दोन नोंदी

आता परीक्षांकडे वळू. इथे एक योगायोग भेटतो. १८७२मध्ये लंडनला चर्चच्या गायनाचा दर्जा सुधारावा म्हणून एक संस्था निघाली. तीच पुढे ट्रिनिटी कॉलेज झाली. त्याच वर्षी १८ ऑगस्टला कुरुंदवाडला विष्णू दिगंबर पलुसकरांचा जन्म झाला. दोन्ही नावे पुढे संगीतपरीक्षांशी जोडली जायची होती.

ट्रिनिटीने १८७७मध्ये आपल्या विद्यार्थ्यांपलीकडच्या शिकाऱ्यांसाठी परीक्षा सुरू केल्या. १८८९मध्ये राजमान्य संगीतशाळांचे संयुक्त परीक्षामंडळ निघाले. त्या काळी इंग्लंडच्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत पियानो आले होते आणि गल्लोगल्ली शिकवणारेही झाले होते. त्यातला जाणता कोण आणि भोंदू कोण हे पालकांना कळायला मार्ग नव्हता. शिक्षक घरचा, परीक्षक बाहेरचा, अशी रचना झाली. शिक्षकाचीही परीक्षा विद्यार्थ्याच्या निमित्ताने होऊ लागली. एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच या परीक्षा वसाहतींत पोहोचल्या आणि लंडनचे परीक्षक आगबोटीने दूरदूरच्या बंदरांत उतरू लागले.

पलुसकरांपुढचा प्रश्न वेगळा होता. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी कडक तालमीत विद्या मिळवली होती. विद्या थोर आणि विद्यावंताला समाजात मान नाही, हे त्यांनी जवळून पाहिले होते. घराण्याचे दार सगळ्यांना उघडत नाही, हेही पाहिले होते. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. राजाश्रयावर न विसंबता लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर ते चालले. तिथे प्रवेश होता, वेळापत्रक होते, ठरलेला अभ्यासक्रम होता, वर्ग होते. पाठ्यपुस्तके लागली म्हणून बुवांनी ती लिहिली, आणि स्वरलेखनाची चिन्हे छापायची म्हणून छापखानाही घातला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी त्यांनी आपले गाणे कागदावर आणले आणि मग त्या कागदावर परीक्षा बेतली.

१९०८मध्ये मुंबईला शाखा निघाली. पुढे कर्ज चढले आणि मुंबईची वास्तू लिलावात गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला बुवांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचे शिष्य अहमदाबादला जमले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना झाली. मिरज आणि वाशी इथून कारभार चालवणारे आजचे अखिल भारतीय मंडळ ते हेच. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारद आणि अलंकार, या पायऱ्या आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावी सांगता येतात. तबल्यालाही हाच जिना आहे. प्रात्यक्षिकात कायदा, रेला, तुकडे वाजवायचे, हातावर टाळी-खाली दाखवत दुगुन-चौगुन म्हणायची आणि वरच्या इयत्तांत लेखी पेपरही लिहायचा.

ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात या जिन्याला चांगली जमीन मिळाली. कल्याण गायन समाज १९२६पासूनचा. ठाण्याला पं. राम मराठ्यांचे गाणे होते, फरुखाबाद घराण्याचे पं. भाई गायतोंडे यांचा तबला होता. गाडीने रोज मुंबईला जाऊन येणारा कारकून-शिक्षक वर्ग इथे राहत होता. मुलाला संगीत यावे, त्याचा पुरावा मिळावा आणि शाळेचा अभ्यासही बुडू नये, ही या वर्गाची गरज परीक्षांनी बरोबर ओळखली.

आक्षेप पहिल्यापासून होते. वर्गात बसून गवई होत नाही, असे उस्ताद म्हणत. त्यावर तानसेन न निघाले तरी कानसेन निघतील, असे उत्तर दिले जाई. दोन्ही बाजू खऱ्या ठरल्या. मैफल गाजवणारा वादक नुसत्या विशारदने झाला नाही. त्याला कुणातरी गुरूच्या पायाशी बसावेच लागले. पण ज्यांना घराण्याच्या दाराशी जाण्याचीही सोय नव्हती, त्यांना परीक्षेने निदान पत्ता दिला. डॉ. आबान मिस्त्री यांचे उदाहरण बोलके आहे. पारशी घरातल्या या मुंबईकर बाईंनी पुरुषांच्या मानल्या गेलेल्या तबल्यात तालीमही घेतली, पदव्याही मिळवल्या आणि पखवाज-तबल्याच्या घराण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. बाईने तबला एकल वाजवणे नवलाचे होते, त्या काळातली ही गोष्ट.

ड्रमवाल्यांची बिनकागदी परीक्षा

तबल्याला जिना मिळाला तेव्हा ड्रमसेट मुंबईत पोहोचला होता, पण तो कुठल्याच जिन्यावर नव्हता. १९३५मध्ये लिऑन ॲबी या अमेरिकी कृष्णवर्णीय वादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजू लागला आणि मुंबईला जॅझचा नाद लागला. तो उचलणाऱ्यांत गोव्याचे वादक आघाडीवर होते, कारण त्यांची तयारी झालेली होती. पोर्तुगीज अमलात गोव्याच्या चर्चच्या शाळांतून सोळाव्या शतकापासून युरोपी स्वरलिपी शिकवली जात होती. खेड्यातला मुलगाही कागद बघून व्हायोलिन वाजवी. ही शाळा उघडली होती प्रार्थनेसाठी. पण पोट भरायला मुंबईला आलेल्या गोवेकरांना तिनेच हॉटेलात, सर्कशीत आणि पुढे सिनेमात काम दिले.

१९४९च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतल्या नाचरात्रींची सद्दी उतरली आणि हे वादक मोठ्या संख्येने चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. १९५१चा 'अलबेला' आठवा. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. पलुसकरांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे गांधर्व महाविद्यालयात ते शिकले होते. त्यांच्या वाद्यवृंदात अल्दोन्याचे अँटोनिओ झेवियर वाझ, म्हणजे ट्रंपेटवाले चिक चॉकलेट होते आणि तालवाद्यांना कावस लॉर्ड हे पारशी वादक होते. गांधर्व परंपरेचा विद्यार्थी, गोव्याच्या चर्चच्या लिपीत वाढलेला ट्रंपेटवाला आणि पारशी तालवादक अशा तिघांच्या हातून मराठी माणसाच्या कानावर हा नवा ठेका पडला. यत्तांच्या इतिहासात हे दृश्य मला फार मोलाचे वाटते.

तेव्हाचे ध्वनिमुद्रण हीच परीक्षा होती. गायक आणि सगळा वाद्यवृंद एकाच वेळी वाजवीत. तिसऱ्या मिनिटाला ड्रमवाला चुकला तर पन्नास-साठ माणसांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. तिथे टिकला तो पास. कावस लॉर्ड यांचे पुत्र केरसी आणि बुजी याच शाळेत तयार झाले. राहुल देव बर्मन यांच्या काळात लेस्ली गोदिन्हो, फ्रँको वाझ यांचे ड्रम ऐकू येतात. शेजारीच मारुतीराव कीर, रेसो-रेसो वाजवणारे अमृतराव काटकर अशी मराठी माणसे उभी असत. एका बाजूला कागदावर लिहिलेले पाश्चात्त्य भाग, दुसऱ्या बाजूला कानाने आणि बोलांनी धरलेला ठेका. दोन्ही विद्या एका खोलीत एकमेकींकडे बघत चालत.

या शाळेला एक उणीव होती. तिचे दार बाहेरच्याला दिसत नसे. बाप, काका, मेहुणा, गाववाला कुणीतरी आत असावा लागे. म्हणजे घराण्यांवरचा जो आक्षेप पलुसकरांच्या पिढीने घेतला, तोच इथेही लागू होता.

कागदी श्रेणी लावण्याचा प्रयत्न याच सुमारास आकाशवाणीने केला. १९५२मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री झालेल्या बा. वि. केसकरांच्या काळात कलावंतांची ध्वनिचाचणी आणि श्रेणी ही पद्धत बसवली गेली. चाचणीमंडळाची धुरा भातखंडे परंपरेतल्या श्रीकृष्ण रातंजनकरांकडे होती. नामवंतांनी चाचणी देण्यास नकार दिला, बहिष्कार झाले. तरी बी, बी-हाय, ए, टॉप ही अक्षरे कलावंताच्या नावामागे कायमची लागली आणि गावोगावच्या वादकाला त्याच अक्षरांवर कार्यक्रम मिळू लागले. श्रेणीवर कितीही राग धरा, दूरच्या माणसाची ओळख तीच करून देते.

लंडनची ग्रेड दिव्यात

पियानो-व्हायोलिनच्या परीक्षांना शंभर वर्षे होऊन गेली तरी ड्रमसेट त्यांत नीटसा बसला नव्हता. नाचघरातले, रॉकवाल्यांचे वाद्य म्हणून त्याच्याकडे बघितले जाई. १९९१मध्ये ब्रिटनमध्ये रॉकस्कूल ही संस्था गिटार, बेस आणि ड्रमच्या श्रेणी घेऊन उतरली. ट्रिनिटीचीही ड्रमसेटची स्वतंत्र परीक्षा आहे आणि २०१२पासून रॉक अँड पॉप नावाची दुसरी शाखा. आज मुंबई, पुणे, गोवा आणि आपल्या ठाणे-डोंबिवलीतले वर्ग याच दोन-तीन मंडळांचे अभ्यासक्रम शिकवतात.

ट्रिनिटीची ड्रमसेट परीक्षा आतून कशी असते ते पाहू. इनिशियल आणि मग ग्रेड १ ते ८ अशा पायऱ्या. १०० गुण. तीन रचना वाजवायच्या, प्रत्येकी २२ गुण. काही रचना ध्वनिमुद्रित साथीबरोबर असतात, काही एकट्या ड्रमसाठी. तंत्राच्या भागाला १४ गुण, त्यात रुडिमेंट्स येतात. उरलेले २० गुण दोन पूरक चाचण्यांचे : न पाहिलेला कागद बघून वाजवणे, ऐकून ओळखणे, आयत्या वेळी रचून वाजवणे, असे पर्याय खालच्या ग्रेडना असतात. ६० गुणांना पास, ७५ला मेरिट, ८७ला डिस्टिंक्शन.

ही रचना वाईट नाही, हे पहिल्यांदा कबूल केले पाहिजे. आमच्या इमारतीतल्या मुलाकडे ड्रमसेट नाही. रबरी पॅडवर तो रोज अर्धा तास हात फिरवतो, कारण पूर्ण सेट वाजवला तर चार मजल्यांवरचे शेजारी दारात येतील. तरी त्याचे दोन्ही हात सारखे वाजतात. अनोळखी कागद समोर ठेवला तर अडखळत का होईना, वाचतो. लय धरून ठेवतो. दोन वर्षांत एवढे होणे थोडे नाही. २०२०च्या टाळेबंदीनंतर या मंडळांनी चित्रफितीवरून परीक्षा देण्याची सोय केली. मोबाइल स्टँडवर लावायचा आणि एका दमात, मध्ये कुठेही न थांबवता वाजवायचे. पूर्वीच्या ध्वनिमुद्रणाची शिस्त अशी वेगळ्या वाटेने पोराच्या वाट्याला आली आहे.

वडिलांच्या प्रश्नाचा एक भाग मात्र कडू आहे. दहावीला शास्त्रीय कला, लोककला आणि चित्रकला यांच्यासाठी वाढीव गुण मिळतात, म्हणून तबल्याच्या परीक्षांना गर्दी असते. ब्रिटनमध्ये सहावी ते आठवी ग्रेड विद्यापीठप्रवेशाच्या गुणांत धरली जाते. हिशेब त्यांच्या मुलांसाठी मांडलेला आहे. दिव्यातल्या मुलाला त्यातून फार तर वर्ग घेण्याची नोकरी किंवा संगीतशाळेत प्रवेश मिळेल. फी भरून लंडनहून आलेले ते प्रमाणपत्र बैठकीच्या खोलीत लागते आणि तिथेच राहते.

लिहिली न गेलेली विद्या

ड्रमवाल्याच्या प्रश्नाचे उत्तर अधिक अवघड आहे, त्यासाठी दिवा समजून घ्यावे लागते. हे मूळचे आगरी वस्तीचे गाव. कल्याणच्या मार्गावर असलेले आणि पनवेल, वसईचे फाटे फुटणारे जंक्शन. स्वस्त घरे शोधत मुंबईतून सरकलेला कोकणी चाकरमानी इथे मोठ्या संख्येने आला, सावंतवाडीची गाडी इथूनच सुटते. त्यामुळे एकाच गल्लीत अनेक ताल राहतात. हळदीला आगऱ्यांची धवलारीण धवले गाते आणि रात्री बेंजो लागतो. गणपतीत सिंधुदुर्गातल्या बुवांची डबलबारी रंगते, पखवाज आणि झांज पहाटेपर्यंत थांबत नाहीत. रत्नागिरीकरांची जाखडी मृदंगावर नाचते. शिमग्याला रजा मिळाली नाही तर पालखीचा ढोल इथेच घुमतो.

बेंजोचेच घ्या. हे मूळचे जपानी वाद्य, नागोयात १९१२मध्ये तयार झालेले तायशोगोतो. टंकलेखनयंत्रासारख्या कळा दाबायच्या आणि तारा छेडायच्या. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झाले, मग त्याला वीज जोडली आणि गणपतीच्या मिरवणुकीचा राजा बनवले. १९८५मध्ये रोलँड कंपनीचा ऑक्टोपॅड आला, तोही पार्टीत सामावला. २०१६मध्ये रवी जाधव यांच्या 'बँजो' चित्रपटाने हे वादक पडद्यावर आणले. बाहेरून येणारे प्रत्येक वाद्य या मंडळींनी आपल्या ठेक्याला जुंपले. ड्रमसेटचेही तुकडे करून त्यांनी तो टेम्पोवर चढवला. न्यू ऑर्लिन्सला रस्त्यावरून खोलीत गेलेले वाद्य दिव्यात पुन्हा रस्त्यावर आले.

या पार्टीतही यत्ता आहेत. नवा पोरगा आधी सामान उचलतो, वायरी गुंडाळतो. मग त्याला झांज किंवा खुळखुळा मिळतो. वर्ष-दोन वर्षांनी ढोल. हात हलका, कान तयार झाला तर ताशा आणि शेवटी ड्रम. ही शेवटची जागा मिळायला चार-पाच हंगाम जातात. चार तास लय न सोडणे, गाणे बदलताना पूल बांधणे, नवरीची आई नाचायला उतरली की ठेका मोकळा करणे, भांडण होईलसे दिसले की लय उतरवणे, हा अभ्यासक्रम. गुण देणारे शेकडो, निकाल तिथल्या तिथे. पण पोरगा गाव सोडून गेला तर या शिक्षणाचा पुरावा त्याच्याकडे काहीच नसतो. म्हणून त्या माणसाला मुलासाठी परीक्षा हवी आहे. ती मागणी भाबडी नाही. कागद नसल्याने आपल्याला काय मिळाले नाही, ते तो पुरते जाणतो.

लंडनच्या परीक्षेत मात्र त्याच्या पोराचे कसब मोजायला रकाना नाही. यात लंडनचा दोष धरण्यात अर्थ नाही. परीक्षा लिहिलेल्याचीच होते. तेरा रुडिमेंट्स कुणीतरी बसून ठरवल्या, कायदा-रेला कुणीतरी छापले, म्हणून त्यांची परीक्षा झाली. तबल्यासाठी निखिल घोषांनी लेखनपद्धती रचली, अरविंद मुळगावकरांनी मराठीत मोठे पुस्तक लिहिले. हळदीच्या ठेक्यासाठी, पालखीच्या ढोलासाठी, डबलबारीच्या पखवाजाच्या गजरासाठी तेवढ्या निगुतीने कुणी बसले, तर उद्या त्यालाही अभ्यासक्रमात जागा मागता येईल. पलुसकरांचा क्रम इथे पुन्हा लागू पडतो : आधी कागद, मग परीक्षा. आणि कागदावर आणणाऱ्याला दोन्ही भाषा आल्या पाहिजेत. गोवेकर कागदवाले आणि मराठी कानवाले ध्वनिमुद्रणाच्या खोलीत शेजारी उभे राहिले, तेव्हा ते काम थोडे झाले होते. त्यातले बहुतेक गाण्यांत राहिले, वहीत उतरले नाही.

मोकळी खिडकी एक आहे. ट्रिनिटीच्या रॉक अँड पॉप परीक्षेत एक गाणे उमेदवाराला स्वतः निवडता येते, स्वतः रचलेलेही चालते. हे वाचले तेव्हा मी वडिलांना आणि ड्रमवाल्याला एका रविवारी आमच्या गच्चीवर बोलावले. दोन्ही पोरे आली. सातवीतल्याने स्वरलिपीची वही उघडली. ड्रमवाल्याने पाण्याच्या टाकीच्या झाकणावर हळदीचा ठेका धरला आणि त्याचा नऊ वर्षांचा मुलगा न सांगता रिकाम्या बादलीवर ढोलाची बाजू देऊ लागला. वहीवाला लिहीत होता, खोडत होता, पुन्हा विचारत होता. दोन तासांत चार ओळी झाल्या. मग त्याने त्या वाचून रबरी पॅडवर वाजवून दाखवल्या.

"हां, हा आलं," ड्रमवाला म्हणाला. "पन हितं नाय. हितं जरा थांबाचा."

"किती थांबायचं?" पोराने विचारले. अर्धी मात्रा? पाव?

ड्रमवाल्याने पुन्हा वाजवून दाखवले. दोनदा थांबणे वेगळे पडले. एकदा जास्त, एकदा कमी. तिसऱ्यांदा आणखी निराळे. "ते नाचनाऱ्यावर हाय," तो म्हणाला.

पोराने थोडा वेळ विचार केला. मग त्या जागी, पाच रेघांच्या वर, मराठीत पेन्सिलीने लिहिले : 'इथे माणसांकडे बघायचे.' आणि वही ड्रमवाल्याच्या मुलाकडे सरकवून त्याला पहिली ओळ वाचायला शिकवू लागला.